रिकाम्या दावणीचा गोठा

पंचगंगेला पूर येणार हे अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यांत आधी कुणाला कळत असेल तर आमच्या थोरल्या साडूंना, आणि कळूनही सगळ्यांत शेवटी जागचं कोण हलत असेल तर तेही आमचे थोरले साडूच. धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आमच्या मोबाईलवर येईपर्यंत त्यांनी बांधावर उकिडवं बसून, नदीत बोट बुडवून, ते जिभेला लावून निकाल दिलेला असतो. "भोगावतीचं पाणी मिसळलंय. गढूळ हाय, पर कडू न्हाय. हे रेंगाळतंय बगा आता." जुलै लागला की कोल्हापुरात माणसं एकमेकांना नमस्कार करायच्या आधी 'किती फूट?' म्हणून विचारतात. बंधाऱ्यावरच्या पाण्याचा तो आकडा साडूंना सांगितला की त्यांना अपमान झाल्यासारखं वाटतं. "घरच्या माणसाचा ताप शेजाऱ्याला इचारायचा व्हय पावणं?" असं म्हणून ते तोंड फिरवतात, आणि वाईट याचं वाटतं की त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. साडूंना मी दाजी म्हणतो आणि माझी पोरगी कॉलेजात गेली तरी ते मला अजून पावणंच म्हणतात. त्यांचं गाव नदीच्या मिठीत. पूर आला की गावाचं बेट होतं. सरकारनं कधीकाळी माळावर प्लॉट दिले, तेव्हापासून गावात प्रत्येकाची दोन घरं, एक वरचं आणि एक खालचं. माणसं वरच्या घरात राहतात आणि जीव खालच्या घरात ठेवतात. साडूंचं वरचं घर इतकं उंचावर आहे की तिथं पाणी यायचं म्हणजे आधी जोतिबाच्या डोंगराची परवानगी काढावी लागेल. पण त्या घरातही जमिनीवर म्हणून काही ठेवायचं नाही असा त्यांचा दंडक. टीव्ही जवळजवळ आढ्याला. आमची ही एकदा तिथं दोन दिवस राहायला गेली, रोज मालिका बघितली आणि मान आखडून परत आली. मी दारात काढलेल्या चपला जाताना पेरूच्या फांदीला लटकलेल्या सापडल्या. गादीवर झोपतानासुद्धा साडूंचा डावा हात कॉटखाली सुटलेला असतो, बोटं फरशीला टेकलेली. "झोपंत पाणी चाचपत्यात," अक्का सांगते, आणि सांगताना ती हसत नाही.

आता मथुरेबद्दल सांगायला हवं. मथुरा म्हणजे साडूंची म्हैस. काळीभोर, शिंगांना कानामागं सुरेख बाक, आणि चालण्यात एखाद्या सरपंचबाईचा रुबाब. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळाला मोरपीस, आणि मालकानं सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलवरून पुढं सुटायचं. त्या फटफटीच्या आवाजामागं म्हैस मान वर करून पळत येते. गर्दीत शंभर गाड्या असोत, शिकलेली म्हैस बरोबर गाडीमागं जाते. साडूंनी मथुरेला ती रेडकू असल्यापासून तयार केलेलं. आधी गाडी सुरू करायची, मगच पेंडीची पाटी पुढं सारायची. त्याचा परिणाम असा झाला की पुढं पुढं गाडी चालू असल्याशिवाय ही बाई पान्हाच सोडेना. पेट्रोल संपलं की त्या घरात चहा कोरा मिळायचा. मी एकदा पहाटेचा मुक्कामाला होतो, तर माजघरात गाडीचा धूर, शेजारी धारेचा चुळचुळ आवाज आणि अक्का खोकत खोकत चरवी धरून बसलेली. मी विचारलं, "दाजी, नुसतं नाव घेऊन बोलवा की तिला." साडूंनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "जनावराशी बोललं की जनावर लाडावतंय," म्हणाले. ते तसे माणसांशीसुद्धा मोजकंच बोलायचे. अक्काला काही सांगायचं झालं तरी आधी खाकरायचे, आणि तिनं वळून पाहिलं की बोटानं दाखवायचे. सगळं आयुष्य या माणसानं हाक न मारता काढलेलं.

मग एकोणीस सालचा तो पूर आला. साडूंना चार दिवस आधी कळलं होतं, पण हलले नाहीत. दोन लहान रेड्या टेम्पोत घालून माळावर पाठवल्या. मथुरा टेम्पोत चढेना. ती कशी चढेल? गाडी पुढं नाही तर ती पाऊल उचलत नव्हती, आणि मोटारसायकलीच्या पोटात पावसाचं पाणी जाऊन ती मुकी झाली होती. "उद्या बघू" करता करता पाणी खालच्या घराच्या उंबऱ्याला लागलं आणि मग बचाव पथकाची यांत्रिक बोट आली. पुढचं मला अक्कानं सांगितलं. साडूंनी कधीच सांगितलं नाही. साडूंनी मथुरेचं दावं सोडलं आणि बोटीत बसले. बोटीचं मशीन सुरू झालं, अगदी मोटारसायकलीसारखं फटफटत. त्याबरोबर मथुरेचे कान उभे राहिले आणि ती नाक वर काढून बोटीमागं पोहायला लागली. उसाच्या शेंड्यांमधून बोट पुढं आणि म्हैस मागं. बोटीतली माणसं त्या रडारडीतही टाळ्या वाजवायला लागली. साडू नुसते तिच्याकडं बघत होते, आणि अक्का म्हणते की त्यांच्या तोंडावर तिनं लग्नातही तसं हसू पाहिलं नव्हतं.

रस्त्याचा चढ लागला तिथं सगळी उतरली. मथुरा अजून खोल पाण्यात होती, तिचे पाय टेकायला थोडंसंच अंतर राहिलेलं. बोटीला पलीकडच्या वाडीतली माणसं आणायची घाई होती. ती जागच्या जागी वळली आणि पुन्हा सुटली. मथुराही वळली. तिला शिकवलं होतं तेच तिनं केलं. तेव्हा साडूंनी जन्मात पहिल्यांदा तिला हाक मारली. कमरेएवढ्या पाण्यात उतरून, घसा फाडून, नावानं. तिचा एक कानसुद्धा हलला नाही. ती त्या आवाजामागं धारेकडं गेली, वळणावर शिंगं दिसली, आणि मग दिसली नाहीत. बोटवाल्याचं लक्ष पुढं, त्याला मागं कोण येतंय याचा पत्ता नव्हता. "त्येंची हाक तिला ठावंच न्हवती वो," अक्का एवढंच म्हणाली आणि पदरानं हात पुसत आत गेली.

पुरानंतर खालच्या घराचं जोतं तेवढं राहिलं. लोकांच्या म्हशी शिरोळकडं, काहींच्या तर पार कर्नाटकात सापडल्या. साडू गावोगाव फिरले, परक्यांच्या गोठ्यांत डोकावून आले, दोन ठिकाणी चोर समजून लोकांनी धरलं. मथुरा मिळाली नाही. मोटारसायकल दुरुस्त होऊन आली, पण त्यांनी तिला पोतं पांघरून ओट्यावर उभं केलं ते कायमचं. कुठंही चालत जायला लागले. आणि रोज दिवस कलताना नदीवर जाऊन हाक मारायला लागले.

सुरुवातीला ते फार अवघड होतं. साठीकडं झुकलेला माणूस आणि त्याला ओरडता येत नाही. घोगरा, अर्धवट, लाजलेला आवाज निघायचा. मग त्यांनी वरच्या घरी सराव सुरू केला. न्हाणीघरात शिरायचे आणि आतून "मथुरेऽऽ" म्हणून आरोळी यायची. शेजारची माणसं काय झालं म्हणून धावत आली की अक्का दारातच त्यांना अडवायची, "काय न्हाय, गाणं शिकायलेत." वर्षभरात मात्र तो गळा असा काही तयार झाला की विचारू नका. खालून सुरू होऊन हळूहळू वर चढणारी, शेवटी पाण्यावर पसरून राहणारी लांब हाक. मी एकदा पुलावर उभा राहून ती ऐकली. ती हरवलेल्या जनावराला मारलेली हाक वाटतच नव्हती. पलीकडं कुणीतरी उभं आहे, ऐकतं आहे आणि यायचं की नाही ते ठरवतं आहे, असं वाटायचं. त्या वेळी गावातल्या बाया धुणं आवरून घराकडं निघायच्या आणि पोरांना मागं बघू द्यायच्या नाहीत.

एकवीस साली पुन्हा पाणी आलं तेव्हा साडू परड्यातल्या चिंचेवर चढून बसले होते. बचाव पथकानं पिकलेलं फळ काढावं तसं त्यांना फांदीवरून उतरवलं. अक्का चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते आधीच कमी बोलत असल्यामुळं हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. पण त्या झाडावर त्यांना एक गोष्ट सुचली होती. "झाडावरनं हाक मारून कोण कसं येईल पावणं? येणाराला टेकायला जागा नको?" आणि म्हणून त्यांनी खालच्या जोत्यामागं, भर पूररेषेत, गोठा बांधायला काढला.

माझं शाहूपुरीत पत्र्यांचं दुकान आहे. पत्र्याला टिचकी मारून मी त्याचा गेज, म्हणजे जाडी, सांगतो, हा माझा आयुष्यातला एकमेव मोठेपणा. साडू दुकानात आले ते पत्र्यांना कान लावत फिरायला लागले. गिऱ्हाईकं थबकून बघायला लागली. गंज, वारा, टिकाऊपणा, कशाचीच चौकशी नाही. "हाक घुमली पायजे," म्हणाले, "पर फुटली न्हाय पायजे." त्यांच्या पाठोपाठ अक्काचा फोन आला. "पत्रं दिऊ नगासा त्यास्नी. त्यो गोठा बांधला तर पुढच्या पाण्याला हे त्यातच बसणार, आणि मग मला ह्यास्नी नदीत हुडकायला लागंल." मी हो हो म्हणालो. पण साडू तोवर दोन तास एका पत्र्यापाशी बसून होते, आणि त्या माणसाला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. पत्रे टेम्पोत चढले.

बांधकाम बघायला मी गेलो तेव्हा गवंडी डोक्याला हात लावून बसला होता. "मालक, तोंड चुकलंय की वो," तो मला साक्षीदार करून सांगत होता. "नदीकडं तोंड करून गोठा कोण बांधतंय? पाणी सरळ आत यायचं." साडू म्हणाले, "त्यासाठीच." नदीच्या बाजूला भिंत नाही, दार नाही, आगळ नाही. फरशीऐवजी दगडी उतरण, पाण्यातून चढून येणाऱ्याचे पाय घसरू नयेत म्हणून छिन्नीनं टाचे मारलेली. मागच्या भिंतीला गव्हाण, एकाच जनावरापुरती. वरती पत्र्याखाली माणूस बसेल एवढा माळा. लोखंडी खांब इतके खोल गाडले की गवंड्यानं विचारलं, हे गोठ्याचे आहेत की पुलाचे. गावचे तलाठी येऊन म्हणाले, इथं बांधकाम करता येत नाही. साडूंनी त्यांना बसायला पाट दिला. "हे बांधकाम न्हाय," ते शांतपणे म्हणाले, "ही वाट हाय. वरनं नुसतं पत्रं टाकल्यात." तलाठ्यांनी उतरणीकडं पाहिलं, नदीकडं पाहिलं, रिकाम्या गव्हाणीकडं पाहिलं आणि मी पुन्हा येईन म्हणून गेले. गावाला तेवढंच बोलायला झालं.

गोठा झाला तेव्हा नारळ फोडला आणि वरच्या घरच्या त्या दोन रेड्या, आता चांगल्या जाणत्या म्हशी झालेल्या, पहिला मान म्हणून आत न्यायला आणल्या. भर दुपारची वेळ, ऊन लख्ख. दोघी गोठ्याच्या तोंडापर्यंत गुमान आल्या आणि तिथं खिळल्या. पुढचे पाय रोवून, नाकपुड्या फुगवून रिकाम्या गव्हाणीकडं बघत राहिल्या. गवंड्यानं हसून एकीच्या पाठीवर थाप मारली. तिची कातडी थरथर थरथर कापत होती. ते बघून त्यानं हात मागं घेतला. मग दोघी मागच्या पावली सरकत सरकत परड्याबाहेर गेल्या, आणि पुन्हा कधी त्या बाजूला चरायलाही गेल्या नाहीत. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. "जागा दुसरीची हाय, त्यास्नी कळतंय," म्हणाले.

तेव्हापासून गोठा रिकामाच. पण रोज तिन्हीसांजेला गव्हाणीत ओला चारा पडायचा, दावणीच्या खुंट्याला नवं दावं, त्याचा फास सैल सोडलेला. सकाळी चारा नसायचा. मी आपला व्यवहारी माणूस. म्हटलं, कुणाची तरी शेळी येत असेल, डुक्कर असेल. "कोण खातंय दाजी?" म्हणून विचारलं. "जिच्यासाठी टाकतोय ती," म्हणाले आणि विळा घासायला लागले. एकदा ते चाऱ्याला गेले असताना मी मुद्दाम आत शिरलो. बाहेर उन्हाचा रखरखाट आणि आत गारवा. पत्रा तापलेला असताना आत गारवा कसा, हे माझ्या धंद्याच्या अकलेला पटेना. नव्या पत्र्याला तेलकट वास असतो, तो येत नव्हता. वास येत होता म्हशीचा. शेण, ऊब, दूध यांचा तो मिसळलेला वास, जो जनावर बांधून बांधून वर्षांनी भिंतीत मुरतो. इथं तर एकही म्हैस कधी उभी राहिली नव्हती. गव्हाणीच्या कडेला हात लावला, तर ती ओली. मी तिथंच उतरणीवर उभा राहून ओला हात बघत होतो, तेवढ्यात मागून साडूंचा आवाज आला, अगदी हलका, पाहुण्याला वाईट वाटू नये अशा बेतानं. "जरा बाजूला व्हा पावणं. वाटंत हुबं ऱ्हायलासा." मी बाजूला झालो. पत्र्यांच्या बिलात डोकं खुपसून बसणारा मी, भर दुपारी कुणाला वाट देतोय हे न विचारता भिंतीला चिकटलो.

आणि मग गेल्या वर्षीचा पूर आला. चोवीस सालचा. पाणी चढायला लागलं तशी अक्कानं साडूंवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. त्यांच्या चपला कुलपात ठेवल्या. ते अनवाणी गेले. सकाळी तिचा फोन आला, "न्हाईत घरात. गेलं." एवढंच. मी निघालो. रस्ता पाण्यात बुडत होता तिथं बचाव पथकाची बोट होती, आणि अक्का बोटीत आधीच बसलेली. पथकातल्या माणसानं तिला उतरायची विनंती केली. "माझा माणूस हाय," ती म्हणाली, "मी बी येतो." मला पोहता येत नाही हे सांगायला तोंड उघडलं होतं, ते तिच्याकडं बघून मिटलं आणि आत चढलो.

पुराच्या पाण्यावर जो शुकशुकाट असतो तो दुसऱ्या कशात नसतो. आभाळ आणि पाणी एका रंगाचं. उसाचे शेंडे, विजेच्या खांबांची टोकं, एका देवळाचा कळस. कावळा नाही, कुत्रं नाही. बोटीच्या मशीनचाच काय तो आवाज. चिंच ओलांडली आणि गोठा दिसला. पत्र्याची पाठ आणि खाली दोनेक हात अंधार, बाकी सगळं पाण्यात. त्या अंधारात माळ्यावर साडू बसले होते, पाण्यात पाय सोडून. आम्हाला बघताच त्यांनी दोन्ही हात जोरजोरात हलवले. मला वाटलं, बोलवतायत. पण ते ओरडत होते, "मशीन बंद करा! आदी मशीन बंद करा!"

बोटवाला म्हणाला, "धार हाय काका, बंद केलं तर बोट वाहवंल." साडूंनी माळ्याची कड घट्ट धरली. "मग मी यीत न्हाय. जावा तुमी." पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं. मी हात जोडले, शिव्या घातल्या, पोरीची शपथ घातली. ते माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते, माझ्या मागं नदीकडं बघत होते. तेव्हा अक्का बोलली. "बंद करा वो मशीन. त्येंचं खरं हाय. मागल्या बारीला ह्याच आवाजानं नेली तिला." बोटवाल्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, दोर चिंचेच्या फांदीला अडकवला आणि मशीन बंद केलं.

सगळं एकदम गप्प झालं. मग साडूंनी हाक मारली. पत्र्याखालून ती घुमून बाहेर आली, फुटली नाही, आणि पाण्यावरून लांब लांब गेली. आम्ही चौघं श्वास धरून बसलो. आणि नदीच्या अंगानं, उसाच्या पलीकडून, म्हैस रेकली.

पत्र्याला पत्रा घासला की कसा आवाज येतो ते मला झोपेत ओळखता येतं. हा तो आवाज नव्हता. वारा तर नव्हताच. बोटवाल्यानं हातातलं वल्हं खाली ठेवलं आणि नदीला हात जोडले. उसाच्या शेंड्यांमधून पाणी दुभंगत येत होतं, धारेच्या उलट, सावकाश. काळं काही दिसल्यासारखं वाटलं. जलपर्णीचा ढीग असेल, लाकूड असेल, वरच्या गावातलं कुणाचं सुटलेलं जनावर असेल. मी तिकडं नीट पाहिलं नाही. पाहवलं नाही. ते बोटीच्या बाजूनं गेलं तेव्हा बोट एकदा हलली, आणि तो वास आला. ऊब, शेण, दूध. मग ते उतरणीच्या जागेवरून आत गेलं आणि आतून पत्रा एकदाच वाजला, खडखड असा, भिंतीला शिंग घासावं तसा. साडू खाली वाकले, पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. मग स्वतःहून बोटीच्या कडेला हात देऊन चढले आणि अक्काशेजारी बसले. "आली," म्हणाले. "चला." परड्याबाहेर येईपर्यंत त्यांनी मशीन सुरू करू दिलं नाही. पथकातली ती दोन दांडगी माणसं काही न विचारता वल्ही मारत होती. अक्कानं त्यांचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

पाणी ओसरल्यावर मी त्यांच्याबरोबर गोठा बघायला गेलो. आत गुडघाभर गाळ, सपाट, सारवल्यासारखा. म्हैस नाही, खुराची खूण नाही, काही नाही. गव्हाणीत उसाची पाचट अडकलेली. खरं सांगायचं तर माझाच जीव खट्टू झाला. इतक्या वर्षांची धडपड आणि शेवटी हा गाळ. साडूंना काय वाटत असेल म्हणून मी उगाच बोलायला लागलो, "मिळेल दाजी. खाली कुठंतरी गेली असेल पुन्हा. पुढच्या वेळी आपण..."

साडूंनी मला मध्येच थांबवलं. "पावणं, मथुरा त्याच दिशी मेली. एकोणीसला. मला कळत न्हाय असं वाटतंय काय तुमास्नी?"

मी गाळात रुतलेला पाय काढला आणि त्यांच्याकडं वळलो.

"जनावर मरतंय. त्येचं काय न्हाय. म्हातारी व्हऊन बी मेलीच असती. पर मी बोलवत असताना ती दुसऱ्याच्या मागनं गेली. आपल्या माणसाचा आवाज कसा असतोय हेच तिला ठावं न्हवतं. मीच शिकवलं न्हवतं." त्यांनी गव्हाणीतलं पाचट काढून बाहेर टाकलं. "तेवढं एक शिकवायचं ऱ्हायलतं. आता आली की हाकंवर. बास झालं."

त्या दिवसापासून ते नदीवर जात नाहीत. या पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा वरच्या घराच्या ओट्यावर निवांत बसले होते. बोलतात मात्र आता खूप. कमावलेला गळा वाया घालवायचा नाही असं ठरवल्यासारखे अक्काला दिवसातून दहादा नावानं हाक मारतात, काही काम नसताना. ती आतून करवादते, "काय हाय?" आणि तरी हातातलं टाकून बाहेर येऊन उभी राहते. गावात मात्र दिवस कलला की लोकांना काहीतरी चुकल्यासारखं होतं म्हणे. बाया धुणं आवरताना क्षणभर थांबतात.

परवा निघताना मी पोरीला निरोप टाकत होतो, तासाभरात पोचतो म्हणून. साडू माझ्या बोटांकडं बघत होते. "काय करायलाय पावणं?"

"पोरीला कळवतोय."

"घरात बी असंच कळवतासा?"

मी हसलो. जेवायला चल म्हणायलासुद्धा आमच्याकडं निरोपच जातो, ती वरच्या खोलीत आणि मी खाली. ते मी त्यांना सांगितलं नाही.

घरी आलो तेव्हा जिन्यातला दिवा बंद होता. पायरीशी उभा राहिलो आणि पोरीला नावानं हाक मारली. मोठ्यानं मारायची सवय नव्हती, आवाज मध्येच चिरकला. वर दार धाडकन उघडलं, कानातल्या वायरी ओढत ती धावत खाली आली. घाबरली होती बिचारी.

"काय झालं पप्पा?"

"काही नाही," म्हटलं. "आलीस ना, बस्स."